चुलीपासून दूर गेलेला मासा

चुलीच्या धुरावर वाळवलेला नदीचा मासा चुलीपासून दूर, घाट ओलांडून दुसऱ्या घरी पाठवला तर टिकतो का? आणि टिकत नसेल तर दोष कोणाचा मानायचा: माशाचा, नदीचा की पाठवणाऱ्याचा? एका मे महिन्याच्या सुट्टीत मी हा प्रश्न हाती घेतला आणि त्याच सुट्टीत त्याचे उत्तर मिळवले. ते कसे मिळवले, ते येथे क्रमाने सांगते.

प्रश्न लहान आहे, हे मला मान्य आहे. पण वर्गात मी मुलींना नेहमी सांगत आले की प्रश्न लहान की मोठा, हे त्याच्या विषयावरून ठरवू नये. उत्तर चुकले तर ते कोणाला भोगावे लागते, यावरून ठरवावे. या प्रश्नाचे चुकीचे उत्तर माझ्या आईला भोगावे लागले होते.

माझे माहेर महाड आणि पोलादपूर यांच्या मधल्या एका वाडीत, सावित्रीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. सासर घाटावर, एका तालुक्याच्या गावी. तेथेच मी मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि माझे यजमान कचेरीत कारकून होते. ही गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मे महिन्याची सुट्टी लागली की मी माहेरी येई आणि शाळा उघडण्याच्या आधी आंबेनळी घाटाने परत वर जाई. जाताना आई माझ्याबरोबर एक करंडी देई. इतर लेकींच्या करंडीत आंबे, कोकम, तांदळाचे पापड असत. माझ्या करंडीत मासे असत.

उन्हाळ्यात नदीतले डोह आटत आले की आमच्या वाडीतल्या बाया मिळून एखादा डोह निवडत, त्याला दगडमातीचा बांध घालत आणि आतले पाणी भांड्यांनी उपसून काढत. तळाशी राहिलेले मासे हातांनी धरत आणि घरागणिक सारखे वाटून घेत. त्यांतले वीतभर लांबीचे जे मासे, त्यांना आम्ही मळ्ये म्हणतो. आई ते साफ करून, मीठ लावून, चुलीवर टांगलेल्या बांबूच्या कामट्यांच्या ताटीवर ठेवी. दोनवेळच्या स्वयंपाकाचा धूर त्यांना मिळत राही. धूर खाल्लेल्या त्या माशाचे कालवण ज्याने खाल्ले नाही, त्याला मी त्याची चव सांगू शकणार नाही. त्यामुळे तो प्रयत्न करत नाही.

आधीच्या वर्षी काय घडले, ते प्रथम सांगायला हवे. त्या सुट्टीत शाळेच्या एका कामासाठी मला मुंबईला जाऊन तेथून परस्पर परतायचे होते. म्हणून आईने करंडी घाटावर जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ दिली. त्याला मध्येच काही दिवस पोलादपूरला थांबावे लागले. करंडी सासरी पोचली तेव्हा माशांवर बुरशी आली होती. सासूबाईंनी ते परसात नेऊन, खड्डा करून पुरले. मी घरी आले तेव्हा रिकामी करंडी धुऊन भिंतीशी उलटी ठेवलेली होती.

"आत्या, मासे कुठं आहेत?" मी विचारले. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे.

"लिंबाच्या बुडात. तुझ्या माहेरची नदीच नासकी दिसतीय. कळवून टाक, पुन्हा पाठवू नका म्हणावं."

त्यांच्या बोलण्यामागे एक भीती होती आणि ती खोटी नव्हती. आम्हांला ते भाड्याचे घर सहजासहजी मिळाले नव्हते. आधीच्या काही घरमालकांनी आडनाव विचारले, गाव विचारले आणि मग घर रिकामे नाही असे सांगितले. अखेरीस मिळालेल्या घरात सासूबाई जपून राहत. मटण शिजवायचे तर रविवारी, दारे लावून. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या बाईंच्या खिडकीसमोर होती, आणि ती सासूबाईंना पोलीस चौकीसारखी वाटे. "लोकांच्या नाकात आपलं जेवण जाता कामा नये," असे त्या म्हणत.

भीती मला समजत होती. पण नदीला नासकी म्हटलेले मला सोसले नाही. महाडच्या माणसासमोर पाण्याला नासके म्हणू नये. पाणी कोणाच्या हाताने बाटते आणि कोणाच्या नाही, यावर आमच्या तालुक्यात पुरेसे बोलून झाले आहे. सासूबाई आमच्याच समाजाच्या होत्या, त्यांनाही हे माहीत होते. म्हणूनच तो शब्द मला अधिक लागला.

पुढच्या मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा आईने पहिल्याच दिवशी विचारले, "मासं खाल्लंनी का गो सगल्यांनी?"

सगळ्यांना आवडले, असे सांगणे सोपे होते. मी खरे ते सांगितले. आई काही वेळ चुलीतली लाकडे पुढेमागे करत राहिली.

"मंग नको," ती म्हणाली. "आमचं हाय ते आमच्यापाशी. तिच्या दारात माझा मासा पुन्हा नाय जायाचा."

त्या क्षणी मी ठरवले की मासा जाईल. धड पोचेल आणि त्या घरात खाल्ला जाईल. माझ्या हातूनही जाणार नाही. मी स्वतः घेऊन गेले तर माझ्या भिडेखातर ठेवून घेतील, चाखल्यासारखे करतील. मला भीड नको होती. मासा एकटा जावा आणि आपल्या गुणावर उभा राहावा, अशी माझी अट होती. सुट्टी संपायच्या बऱ्याच आधी तो पार्सलने पाठवायचा आणि आपण येथेच राहायचे, असे मी पक्के केले.

आईला ही कल्पना मुळीच पटली नाही. "मास्तरीण झालीस ती आयशीला शिकवाया?"

"शिकवत नाही, विचारते आहे. मला सांग, ताटीवरचा मासा तयार झाला, हे कसं ओळखायचं?"

"वलखायचं काय त्यात? भूक लागली की तयार."

"थट्टा नको, आई."

"थट्टा नाय गो बाय. मासा ताटीवर चढला का खाईपर्यंत थयच. उतरवायचा कशाला?"

हे उत्तर मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आले होते आणि तरी ते माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्या वाडीत मासा ताटीवरून थेट कालवणात जाई. जो उरे, तो रात्रीच्या धुरात पुन्हा राही. चुलीपासून दूर गेलेला मासा कसा वागतो, हे पाहण्याची वेळ वाडीत कोणावर आलीच नव्हती.

मी एक साधी तपासणी केली. एकाच डोहातले, एकाच दिवशी ताटीवर चढवलेले मासे घेतले. आईच्या हिशेबाने ते खाण्याजोगे झाल्यावर अर्धे ताटीवरच राहू दिले. उरलेले उतरवून, कापडात बांधून, पडवीच्या आढ्याला टांगले. तेथे धूर पोचत नसे. नदी तीच, मीठ तेच, हात तोच. फरक एकच ठेवला. विज्ञानाच्या तासाला मी मुलींना हेच सांगते: एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण लपून राहत नाही.

आठवडाभरात पडवीतल्या माशांच्या डोक्यामागे पांढरी बुरशी धरली. काट्याजवळचे मांस बोटाने दाबले तर दबत होते. ताटीवरचे मासे जसेच्या तसे होते. म्हणजे नदी नासकी नव्हती आणि आईचा हातही चुकला नव्हता. आमच्या वाडीत मासा वाळवला जात नव्हता, राखला जात होता. राखण चुलीची होती. सासरी चूलच नव्हती, रॉकेलचा स्टोव्ह होता. करंडी वेळेवर पोचली असती तरी मासे तेथे फार काळ टिकले नसते.

मी हे आईला समजावून सांगितले. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे इतकी वरसं मी तुला कच्चाच मासा दिला?"

"नाही. तू द्यायचीस तो मी पोचल्याबरोबर खात होते, म्हणून कधी कळलं नाही. दूर पाठवायचा तर चुलीसकट पाठवायला हवा."

"मंग बांध चूल पन पार्सलात!" असे म्हणून ती हसली आणि त्या हसण्याबरोबर तिचा नकार संपला. "पन नाव तुझं. माझ्या नावानं नाय पाठवायचा."

"मासा मी पाठवते आहे. तू फक्त धूर दे."

पुढचे काम आम्ही दोघींनी केले. मासा आता पोटाकडून न चिरता पाठीकडून चिरला आणि पुस्तकासारखा उघडला, कारण पाठीचे मांस जाड असते आणि ओल तेथेच दडते. मीठ काट्याच्या कडेने चोळले. दिवसा ऊन, संध्याकाळी धूर. चुलीत शेणी घालायचे बंद केले, कारण शेणीचा वास माशात उतरतो आणि मला कोणाच्या हाती सबब द्यायची नव्हती. केवळ ऐनाची सुकी लाकडे आणि नारळाची सोडणे जाळली. आईला हा खटाटोप वाटे. "मासा हाय का नवरदेव?" असे ती दर संध्याकाळी म्हणे आणि तरीही सोडणे तीच निवडून घाले.

तयार कधी झाला, याची खूण ठरवणे आवश्यक होते. खेपेतला एखादा मासा दोन्ही हातांत धरून, डोक्याच्या किंचित खाली, जाड भागात वाकवायचा. वाकला तर सगळी खेप परत ताटीवर. कट्‌कन मोडला तर खेप तयार. तयार झालेल्यांपैकी काही पुन्हा पडवीत टांगून पाहिले. या वेळी बुरशी आली नाही. मगच मी पाठवण्याच्या तयारीला लागले. मासे पूर्ण गार होऊ दिले, कारण कोमट मासा बांधला की आत घाम धरतो. करंडीत भाताचा पेंढा, त्यावर पळसाची सुकी पाने, मग मासे, पुन्हा पाने. डब्यात भरण्याचा मोह टाळला. डब्यात हवा खेळत नाही. करंडीभोवती गोणपाट घेऊन दाभणाने सुतळीचे टाके घातले आणि त्यावर सासूबाईंचे नाव लिहिले. यजमानांचे लिहिले नाही.

महाडच्या डेपोत पार्सलच्या खिडकीशी रांग होती. माझ्यापुढे एक वयस्कर शेतकरी दोन पिकलेले फणस पोत्यात घालून उभा होता. त्याचे काम होऊन तो पावती घेत असताना माझी करंडी काट्यावर चढली.

"आत काय?" खिडकीतल्या कारकुनाने विचारले.

"मासे."

त्याने लेखणी खाली ठेवली. "घेऊन जा बाई. मासळी चालत नाही."

"सुकी आहे. धुरावरची."

"सुकी काय आन्‌ ओली काय. वास मारतो. पब्लिक बोंबलतं."

खिडकीच्या वर फळा होता. गळणारे, पेट घेणारे किंवा दुर्गंधी सुटणारे सामान घेतले जाणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. मी तो मोठ्याने वाचला. सवय होती, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

"मासळी हा शब्द यात नाही," मी म्हटले. "अटी तीन आहेत. आपण एकेक पाहू. गळतं का?" मी करंडी उलटी केली.

"बाई, अहो..."

"गळत नाही. पेट घेतं का?"

"इतका धूर खाऊन आलेत, आता काय पेटनार?" मागून कोणीतरी म्हणाले आणि रांग हसली.

"राहिली दुर्गंधी. नाक लावा."

"मी कशाला नाक लावू?"

"नाकारायचं असेल तर तपासून नाकारा. न तपासता उत्तर देणाऱ्याला मी वर्गातही गुण देत नाही."

तो वाकला. गोणपाटाला नाक लावले आणि सरळ झाला. "धुराचा वास येतोय."

"धुराला मनाई आहे का?"

तेवढ्यात फणसवाल्याने तोंड घातले. "ओ सायेब, बायचं घ्या न्हायतर माझं फणस पन उतरवा! त्यांचा वास तर गाडीच्या आधी घाटात पोचंल. तवा नाय धरलंत नाक?"

रांगेने त्याची बाजू घेतली. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने मान हलवली आणि लेखणी उचलली. "बरं. घरगुती सामान, असं लिहितो. कंडक्टरची कटकट नको."

"नाही," मी म्हटले. "सुके मासे, असं लिहा."

"बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. हे असं लिहिलं की जातं गुपचूप."

"गुपचूपच जायला नको आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि लिहिले. करंडी माझ्या डोळ्यांदेखत गाडीत चढली.

त्यानंतर सासरहून माशांबद्दल काहीच कळले नाही. यजमानांच्या पत्रात पार्सल मिळाल्याचा एका ओळीत उल्लेख होता, खाल्ल्याचा नव्हता. आई रोज विचारत नसे, पण पोस्टमन वाडीत शिरला की तिचे हात थांबत. मी तिला सांगितले की उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे. हे सांगताना माझीच खात्री नव्हती.

सुट्टी संपली आणि मी घाट चढून घरी आले. दार सासूबाईंनी उघडले. मधल्या खोलीत, खुंटीला, माझी करंडी टांगलेली होती. एकही टाका उसवलेला नव्हता.

"उघडली नाही?"

"तू येईपर्यंत ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "मागं मी मासे पुरले तर तुला वाटलं असेल, आत्या उगाच नावं ठेवते. म्हटलं, या खेपेला तुझ्याच हातानं सोड. बघ आत काय झालंय ते."

त्यांनी मासा सडण्याची वाट पाहिली होती. माझ्या तपासणीत मी जितके दिवस धरले होते, त्यांहून अधिक दिवस त्यांनी त्यात घातले होते. याहून कठोर परीक्षक मला शोधूनही मिळाला नसता. मी कात्री आणली आणि टाके कापले. पाने बाजूला केली. मासे गडद तांबूस, कोरडे, पुस्तकासारखे उघडे. मी एक उचलून मोडला. तो कट्‌कन मोडला.

सासूबाईंनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला. "धूरच येतोय," त्या म्हणाल्या, काहीशा निराशेने.

"आज करते कालवण."

"रविवारी कर."

"आजच."

मी मासे कोमट पाण्यात भिजत घातले, कांदा चिरला, कोकम काढले. फोडणीत लसूण पडली तेव्हा सासूबाई आत आल्या आणि खिडकीकडे हात नेला.

"राहू द्या, आत्या."

"अगं, वास जाईल पलीकडं."

"जाऊ दे."

"मालकांच्या कानावर गेलं म्हणजे? घर सोडायला लागलं म्हणजे? तुला काय, तू जाशील माहेरी. आम्ही कुठं जायचं?"

"मीही इथंच राहणार आहे. आणि मासा काही चोरीचा नाही, की दारं लावून खावा. भाडं आपण पूर्ण देतो. त्यात खिडकीही आली."

त्यांचा हात कडीवर होता. त्यांनी कडी लावली नाही, आणि त्या बाहेरही गेल्या नाहीत. माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. कालवणाला कढ आला तसा समोरच्या खिडकीत शेजारच्या बाईंचा चेहरा दिसला.

"काय शिजतंय हो आज?" त्यांनी विचारले. स्वरात गोडवा होता, कपाळाला आठी होती.

"मासे," मी म्हटले. "सावित्री नदीचे. माझ्या आईनं पाठवलेले."

त्यांनी आपली खिडकी लावून घेतली. तो त्यांचा हक्क होता. आमची खिडकी उघडी राहिली. घरमालकाकडून निरोप येईल, असे सासूबाईंना कित्येक दिवस वाटत होते. तो आला नाही. आला असता, तर उत्तर मी तयार ठेवले होते.

त्या रात्री सासूबाई भातावर कालवण घेऊन बसल्या. काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले. पुन्हा वाटी पुढे केली. जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाल्या, "मीठ जास्त आहे. तुझ्या आईला कळव, पुढच्या खेपेला थोडं कमी घाला म्हणावं."

हा निरोप मी शब्दशः कळवला. आईने वाडीतल्या एका शिकलेल्या मुलीकडून उत्तर लिहवून पाठवले. मीठ कमी केले तर मासा टिकायचा नाही, वाटल्यास विहिणीने भात जास्त घ्यावा, एवढेच त्यात होते. ते मी सासूबाईंना वाचून दाखवले. "ऐकत नाही तुझी आई," त्या म्हणाल्या. पुढच्या मे महिन्यात करंडी गेली, तिच्यावर पाठवणारी म्हणून आईचेच नाव होते. आई जिवंत असेपर्यंत, ऐंशीच्या दशकातही, करंडी दर वर्षी जात राहिली.

माझे उत्तर असे: धुरावरचा मासा चुलीपासून दूर टिकतो, मात्र तो चूल सोडण्यापूर्वी पुरता वाळलेला असला पाहिजे. नदीचा त्यात दोष नाही. पण हे एका वाडीतले, एका नदीचे आणि दोन बायांनी काढलेले उत्तर आहे. म्हणून वाचकांना विनंती की माझ्या सांगण्यावर विसंबू नये. आपल्या गावच्या पाण्यातले मासे घ्यावेत, निम्मे धुरावर ठेवावेत, निम्मे लांब टांगावेत, काही दिवसांनी मोडून पाहावेत आणि माझे चुकले असेल तर तसे सांगावे.